गरिबाघरचीं मुकीं माणसें

ज्याच्या घरांत उद्यांच्या भाकरीची भ्रांत, त्यानें कुत्रें कशाला पाळावें? हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांतून इतक्या सहजतेनें विचारला जातो, कीं त्यांत विचार करण्यासारखें कांहीं आहे असें विचारणारासहि वाटत नाहीं. श्रीमंतानें कुत्रें पाळलें तर ती हौस, आपल्यासारख्यानें पाळलें तर घराची राखण, आणि गरिबानें पाळलें तर मात्र अविचार! माझ्या लहानपणीं पुण्यांतील आमच्या वाड्यांत एक विधवा आजी राहत असत. लोकांच्या घरीं पोळ्या लाटून त्या पोट भरीत. त्यांच्याजवळ एक पांढरें मांजर होतें. रोज पावशेर दूध घेत, त्यांतलें निम्में त्या मांजरास घालीत. वाड्यांतलीं वडील माणसें म्हणत, "आजींना स्वतःला मिळत नाहीं, आणि हे लाड कशाला?" त्या मांजराचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. तूर्त एवढेंच सांगावयाचें, कीं हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वीं लंडन शहरांत विचारला जात होता, आणि त्याचें उत्तर एका बाईनें तळघरांत दवाखाना काढून दिलें. त्या दवाखान्याची व त्याच्या भोंवतीं जमलेल्या सामान्य माणसांची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

लंडनचा पूर्व भाग, ज्यास तिकडे 'ईस्ट एण्ड' म्हणतात, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दारिद्र्याचें माहेरघर होऊन राहिला होता. गोदींत रोजंदारीवर राबणारे हमाल, अंधाऱ्या खोल्यांतून कपडे शिवणारे यहुदी निर्वासित, हातगाडीवर भाजीपाला विकणारे फेरीवाले, अशा लोकांची ही वस्ती. चार्ल्स बूथ यांनीं घरोघरची माहिती जमवून १८८९ सालीं जी पाहणी प्रसिद्ध केली, तींत या भागांतील सुमारें ३५ टक्के लोक दारिद्र्यांत दिवस कंठीत असल्याचें दाखविलें आहे. परंतु या वस्तींत जनावरांची वाण नव्हती. फेरीवाल्याची गाडी ओढणारें गाढव किंवा तट्टू, उंदरांसाठीं ठेवलेलें मांजर, परसांतल्या कोंबड्या व ससे, आणि खिडकींत टांगलेल्या पिंजऱ्यांतला एखादा गाणारा पक्षी, असा परिवार त्या एकदोन खोल्यांच्या संसारांतून सर्रास आढळे. बेथ्नल ग्रीनजवळ क्लब रो नांवाच्या रस्त्यावर दर रविवारीं पक्ष्यांचा व कुत्र्यांचा बाजार भरत असे. घोड्याच्या मांसाचे तुकडे काड्यांना टोंचून मांजरांसाठीं दारोदार विकणारा फेरीवाला हा तर लंडनच्या गल्ल्यांतील नित्याचा मनुष्य. ज्या गल्लींत असला धंदा वर्षानुवर्षें चालतो, तेथें मांजरासाठीं रोज पै-पैसा बाजूस काढणारीं माणसें असलींच पाहिजेत, हें सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको.

अडचण येई ती जनावर आजारी पडे तेव्हां. पशुवैद्याची फी हमालाच्या आवांक्याबाहेरची. शिवाय कुत्रा बाळगावयाचा तर १८७८ पासून दरसाल साडेसात शिलिंग परवाना-पट्टी सरकारांत भरावी लागे. ही पट्टी पुढें शंभरांहून अधिक वर्षें चालू राहून १९८७ सालीं रद्द झाली. तेव्हां पाय मोडलेलें गाढव तसेंच गाडीस जुंपलें जाई, खरूज झालेलें कुत्रें उकिरड्यावर जाऊन पडे, आणि पाहणारा सज्जन म्हणे, 'हे लोक किती निर्दय!' निर्दयता व निरुपाय यांची चेहरेपट्टी दुरून सारखीच दिसते.

हा भेद जिच्या ध्यानांत आला ती बाई म्हणजे मारिया डिकिन. त्यांचा जन्म १८७० सालीं लंडनमध्यें एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. आठ भावंडांत त्या सर्वांत वडील. मध्यमवर्गीय कुलीन मुलीनें स्वतः मिळवावें ही गोष्ट त्या काळीं शिष्टसंमत नव्हती. तरीहि त्यांनीं आवाज कमावण्याचें शिक्षण देण्याचा वर्ग चालविला होता. १८९९ सालीं आर्नोल्ड डिकिन नांवाच्या हिशेबनिसाशीं त्यांचा विवाह झाला. मूलबाळ झालें नाहीं. त्या काळच्या सुखवस्तु स्त्रियांत गरिबांच्या समाचारास जाण्याची चाल असे, त्याप्रमाणें डिकिनबाईहि पूर्व लंडनांत जाऊं लागल्या. गेल्या होत्या माणसांचीं दुःखें पाहावयास, पण त्यांच्या डोळ्यांतून हालली नाहींत तीं त्याच घरांतलीं व रस्त्यांतलीं आजारी जनावरें. या दोन दुःखांचें मूळ एकच आहे, हें त्यांनीं ओळखलें.

१७ नोव्हेंबर १९१७ रोजीं व्हाइटचॅपेल भागांतील एका तळघरांत त्यांनीं आपला दवाखाना उघडला. ही जागा तेथील धर्मगुरूंनीं दिली होती. पहिलें महायुद्ध ऐन भरांत होतें. त्याच वर्षींच्या जूनमध्यें जर्मन विमानांनीं पूर्व लंडनवर बाँब टाकले होते, धान्य महागलें होतें, घरोघरचे कर्ते पुरुष रणांगणावर होते. अशा वेळीं कुत्र्यामांजरांचा दवाखाना, ही कल्पना कित्येकांस हास्यास्पद वाटली असल्यास नवल नाहीं. दारावरच्या पाटीचा आशय साधा होता: दुखणाईत जनावर घेऊन या, त्याला तसेंच दुःख भोगूं देऊं नका, कोणतेंहि जनावर चालेल, पैसा पडणार नाहीं. थोड्याच दिवसांत दारापुढें इतकी रीघ लागली, कीं गर्दी आवरण्यास पोलिसांस यावें लागलें. शालींत गुंडाळलेलें मांजर उराशीं धरून तासन् तास थंडींत उभ्या राहणाऱ्या त्या बायामुलांनीं निर्दयतेच्या आरोपाचें परस्पर खंडन केलें.

संस्थेच्या पहिल्या नांवांतच 'गरिबांच्या आजारी जनावरांसाठीं लोकांचा दवाखाना' असा अर्थ होता. यांतील 'लोकांचा' हा शब्द लक्षांत घेण्याजोगा आहे. गरिबांच्या जनावरांची कींव करणाऱ्या संस्था लंडनमध्यें आधींहि होत्या. १८९७ सालीं स्थापन झालेल्या एका मंडळीनें १९०६ सालीं व्हिक्टोरिया भागांत जनावरांचें रुग्णालयहि काढलें होतें. तीच मंडळी पुढें 'ब्लू क्रॉस' या नांवानें प्रसिद्धीस आली. पण डिकिनबाईंनीं दवाखाना थेट गल्लींत नेला. १९२३ च्या सुमारास त्यांनीं घोड्यानें ओढावयाच्या गाडींत फिरता दवाखाना सजविला, आणि लवकरच अशा गाड्या देशभर हिंडूं लागल्या. १९२८ सालीं इलफर्ड येथें जनावरांसाठीं मोठें आरोग्यधामहि उभें राहिलें. मुलांसाठीं १९३४ सालीं 'बिझी बीज' म्हणजे 'उद्योगी मधमाशा' नांवाचा संघ निघाला. त्यांतलीं मुलें निधि जमवीत, आणि जनावर कसें सांभाळावें हें शिकत.

येथें आपल्याकडील एका थोर परंपरेशीं तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. १८३२ सालीं मुंबईंत मोकाट कुत्रीं मारण्याची मोहीम निघाली, तेव्हां पारशी मंडळींच्या पुढाकारानें शहरांत हरताळ पडला व दंगाहि झाला. नंतर दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जीजीभाई प्रभृतींच्या दातृत्वानें मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. पुढें परळास बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय निघालें, व त्याच्याच आवारांत १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय सुरू झालें. ही करुणा कोणत्याहि देशास भूषणभूत होईल अशीच आहे. तथापि पांजरपोळीची कल्पना आणि व्हाइटचॅपेलच्या तळघराची कल्पना यांत एक मूलभूत फरक आहे. पांजरपोळ निराश्रित जनावरास आश्रय देते. त्यास घर उरलेलें नाहीं, हें तिनें गृहीत धरलेलें असतें. डिकिनबाईंचा दवाखाना जनावराचें घर शाबूत राखूं पाहत होता. संध्याकाळीं तें गाढव, तें मांजर, तो पक्षी आपल्याच माणसाबरोबर परत जावा, हा त्याचा उद्देश. एकीचें लक्ष जनावराकडे, दुसऱ्याचें जनावर व माणूस यांच्यामधील नात्याकडे. दोन्हींची गरज आहे. पण दुसऱ्याचा विचार आपण क्वचितच केला आहे.

या कार्यास विरोध झाला नाहीं असें नाहीं. सर्वांत तीव्र विरोध पशुवैद्यांचा होता. दवाखान्यांतील बहुतेक सेवक पदवीधर वैद्य नव्हते, संस्थेंतच शिकून तयार झालेले होते. 'हे अर्धवट वैद्य जनावरांचे हाल करतील, आणि आमचा धंदाहि बुडवतील,' अशी पशुवैद्यांची तक्रार. यांतला दुसरा भाग स्वार्थाचा म्हणून सोडून दिला, तरी पहिला भाग तसा सोडून देतां येत नाहीं. सेवाभाव हा ज्ञानाची जागा घेऊं शकत नाहीं. माणसांच्या बाबतींत आपण जी भोंदूगिरी चालूं देणार नाहीं, ती जनावर बोलत नाहीं एवढ्यावरून चालूं देणें न्याय्य नव्हे. उलट पक्षीं डिकिनबाईंचा सवाल असा, कीं पदवीधर वैद्य या गल्लींत पाऊल टाकीत नाहींत, मग आम्ही हात बांधून बसावें काय? हा वाद वर्षानुवर्षें चालला. अखेर १९४८ च्या कायद्यानें पशुचिकित्सेचा अधिकार सामान्यतः नोंदणी झालेल्या वैद्यांपुरता राखला गेला. आणि लगेच १९४९ सालीं पार्लमेंटनें या दवाखान्यासाठीं स्वतंत्र कायदा करून संस्थेस स्थैर्य दिलें. आज तिच्या रुग्णालयांत पदवीधर वैद्यच काम करतात. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत जो सत्यांश होता तो अशा रीतीनें टिकला.

आतां या हकीकतींतील सर्वांत काळ्या प्रकरणाकडे वळलें पाहिजे. १९३९ सालच्या उन्हाळ्यांत युद्धाचे ढग दाटले, तेव्हां ब्रिटनमध्यें हवाई हल्ल्यांच्या काळांत जनावरांची व्यवस्था पाहण्यासाठीं एक राष्ट्रीय समिति नेमली गेली. तिनें पाळीव जनावरांच्या धन्यांस एका पत्रकांतून सल्ला दिला, कीं शक्य तर जनावरें खेड्यांत पाठवा; तेंहि न साधलें, शेजारीहि सांभाळावयास तयार नसले, तर त्यांस वेदनारहित मरण देणें हीच दया. हा हुकूम नव्हता, सल्ला होता. ३ सप्टेंबर रोजीं युद्ध पुकारलें गेलें, आणि दुसऱ्या दिवसापासून लंडनच्या जनावरांच्या दवाखान्यांपुढें पुन्हां रांगा लागल्या. बावीस वर्षांपूर्वीं व्हाइटचॅपेलच्या रांगेंत लोक जनावर वांचविण्यासाठीं उभे होते; या रांगेंत तें मारून घेण्यासाठीं उभे होते. एका लंडन शहरांतच त्या पहिल्या आठवड्यांत सुमारें चार लक्ष कुत्रीं-मांजरें मारलीं गेलीं असा अंदाज आहे. साऱ्या देशाचा आंकडा साडेसात लक्षांवर नेणारेहि आहेत. दवाखान्यांतलें क्लोरोफॉर्म अपुरें पडलें. इलफर्डच्या आरोग्यधामाचें मैदान दफनभूमि झालें. ज्या संस्थेनें हीं जनावरें जगविण्यासाठीं जन्म घेतला, तिच्याच सेवकांच्या हातून हें काम व्हावें, याहून दुर्दैव तें कोणतें?

आणि या सर्वांत हृदयास झोंबणारी गोष्ट ही, कीं त्या आठवड्यांत लंडनवर एकहि बाँब पडला नाहीं. खरे मोठे हल्ले सुरू झाले ते वर्षानें, ७ सप्टेंबर १९४० रोजीं. तोंवर कित्येक घरांतून पश्चात्ताप घर करून बसला होता. तीं माणसें क्रूर नव्हतीं. मुलें आगगाडींत बसवून परगांवीं पाठवलेलीं, नवरा सैन्यांत जाणार, सार्वजनिक आश्रयस्थानांत जनावरांस मज्जाव, त्यांच्यासाठीं शिधा मिळेल कीं नाहीं याचा भरंवसा नाहीं. अशा स्थितींत 'मी आहें, तुमचें कुत्रें मी पाहीन' असें म्हणणारें कोणी शेजारीं नव्हतें. आणि पत्रकांत लिहिलेला शेवटचा उपाय हाच पहिला झाला. हॅमिल्टनच्या डचेस नीना यांनीं आपली फर्न येथील जहागीर लंडनच्या जनावरांसाठीं खुली करून शेंकडों कुत्र्यामांजरांस तेथें नेलें. पण एका उदार बाईची जहागीर कितीकांस पुरणार?

उपाय निघाला तो गल्लीगल्लींतून. त्याच राष्ट्रीय समितीनें पुढें स्वयंसेवकांची मोठी योजना उभारली. प्रत्येक वस्तींत 'प्राणिरक्षक' नेमले गेले. हे बहुधा त्याच गल्लींतले रहिवासी, पुष्कळशा गृहिणी. कोणाच्या घरीं कोणतें जनावर आहे याची त्यांनीं नोंद ठेवावी, त्याच्या गळ्यांत क्रमांकाचा बिल्ला बांधावा, हल्ल्यांत तें हरवलें कीं बिल्ल्यावरून धन्याचा शोध लावावा, जखमी झालें तर वैद्याकडे न्यावें, असें हें काम. या यादींत लाखों जनावरांची नोंद झाली. डिकिनबाईंच्या संस्थेनें पडक्या घरांतून जनावरें बाहेर काढणारीं पथकें उभारलीं, व युद्ध संपेपर्यंत त्यांनीं अडीच लक्षांहून अधिक जनावरांस मदत केली. एका पथकप्रमुखाची 'ब्यूटी' नांवाची कुत्री स्वतःच ढिगारे उकरूं लागली, आणि तिनें एकूण ६३ जनावरांचा शोध लावला. युद्धांत पराक्रम गाजविणाऱ्या जनावरांसाठीं डिकिनबाईंनीं १९४३ सालीं जें पदक सुरू केलें, तें तिला १९४५ सालीं मिळालें.

शिध्याचा प्रश्न याहून बिकट होता. कुत्र्यामांजरांस स्वतंत्र शिधापत्रिका नव्हती. कोठारांतील उंदीर मारणाऱ्या मांजरांस मात्र राष्ट्रकार्य करणारीं म्हणून दुधाची भुकटी मिळे. १९४० च्या हुकुमानें माणसाच्या उपयोगाचें अन्न वायां घालविणें हा गुन्हा ठरला होता. तरीहि लोकांनीं जनावरें जगविलीं. कोणी आपल्या पानांतलें घातलें, कोणी साली व कोंडा शिजविला, कोणी माणसांस खाण्यास अयोग्य म्हणून हिरवा रंग लावलेलें घोड्याचें मांस रांगेंत उभें राहून आणलें. १९३९ सालीं बाँब पडण्यापूर्वींच ज्या शहरानें चार लक्ष जनावरें मारलीं, त्याच शहरानें १९४० नंतर बाँब पडत असतां उरलेलीं जगविलीं. माणसें तींच, संकट तर पूर्वींपेक्षां मोठें. फरक पडला त्याचीं कारणें अर्थात् अनेक असतील. पहिल्या आठवड्याची शरम हेंहि एक असेल. पण शेजारी व स्वयंसेवक यांचें जें जाळें आधीं नव्हतें तें मागाहून विणलें गेलें, हें त्यांतील मोठें कारण आहे असें मला वाटतें.

डिकिनबाई १९५१ च्या मार्चमध्यें निवर्तल्या. त्यांचें कार्य थांबलें नाहीं. सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांच्या जनावरांवर ही संस्था आजहि मोफत किंवा अल्प मोबदल्यांत उपचार करते. तिच्याच विचाराच्या इतर शाखाहि फुटल्या आहेत. १९८५ सालीं कॉर्नवॉल परगण्यांत 'सिनॅमन ट्रस्ट' नांवाची संस्था निघाली. वृद्ध व मरणोन्मुख माणसांस आपलें जनावर अखेरपर्यंत जवळ ठेवतां यावें म्हणून तिचे स्वयंसेवक त्यांचीं कुत्रीं फिरावयास नेतात, धनी इस्पितळांत असेल तोंवर त्यांस आपल्या घरीं सांभाळतात, आणि धन्याच्या पश्चात् त्यांची व्यवस्था पाहतात. ज्यांस घरच नाहीं अशा लोकांच्या कुत्र्यांवर रस्त्यावर जाऊन उपचार करणारे वैद्य २०१६ पासून लंडनांत संघटित झाले आहेत. २०२२ सालीं तिकडे महागाई भडकली, तेव्हां गरजूंस धान्य वांटणाऱ्या केंद्रांतून कुत्र्यामांजरांचें खाद्यहि मोठ्या प्रमाणावर वांटलें जाऊं लागलें. उपाशी आई पदरचें अन्न मांजरास घालते, हा अनुभव त्या कार्यकर्त्यांस नवा नव्हता. मांजराचें खाणें दिलें तर आईच्या पोटांतहि चार घांस जास्त जातात, हा साधा हिशेब त्यांनीं केला.

कोणी म्हणेल, माणसें उपाशी असतां हें कौतुक कशास? आक्षेप पोकळ नाहीं. पण वरील हकीकतींत एक गोष्ट वारंवार दिसते, कीं जनावराच्या निमित्तानें माणसाच्या दारांत शिरलेला मनुष्य माणसाचाहि समाचार घेऊन येतो. प्राणिरक्षक बाई मांजराची नोंद करावयास गेली, तेव्हां त्या घरांत म्हातारी एकटीच असते हेंहि तिला कळलें असेल. कुत्रें फिरवावयास रोज येणारा स्वयंसेवक हा कित्येक वृद्धांस दिवसांत भेटणारा एकमेव मनुष्य असेल. दरिद्री माणसाजवळचें सर्व कांहीं काढून घेतलें तरी त्याच्याजवळ देण्यासारखें जें उरतें, तें घेणारें हें एक मुकें जनावर असतें. त्याला 'हें तुला परवडत नाहीं' असें सांगणें म्हणजे कोणाचें कांहीं लागणें, कोणाला आपली वाट पाहावयास लावणें, हेंहि तुला परवडत नाहीं असें सांगणें होय. हें सांगण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

आतां त्या आजींच्या मांजराविषयीं. एका पावसाळ्यांत आजी घसरून पडल्या, आणि त्यांचें मांडीचें हाड मोडलें. वाड्यांतील सर्वांनीं मिळून त्यांस इस्पितळांत नेलें, पाळीपाळीनें डबे पोंचविले, वर्गणी काढून औषधें आणलीं. या बाबतींत आमच्या वाड्यास कोणी नांवें ठेवूं शकणार नाहीं. मांजर मात्र दोन दिवस त्यांच्या कुलुपबंद दारापाशीं ओरडत बसलें. तिसऱ्या दिवशीं वडील माणसांनीं तें पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून दिलें. पोत्याचें तोंड मींच धरलें होतें. माझें वय तेव्हां दहा वर्षांचें. सहा आठवड्यांनीं आजी परत आल्या. जोत्यावर काठी टेकून त्यांनीं इकडेतिकडे पाहिलें, आणि मला हांक मारून विचारलें, "अरे, माझी मनी कुठें दिसत नाहीं ती?" मीं म्हटलें, "गेली असेल कुठेंतरी." त्यांनीं पुन्हां विचारलें नाहीं. दुधाचा रतीब मात्र दुसऱ्या दिवसापासून अर्ध्यावर आणला.

आमच्या वाड्यांत वीस बिऱ्हाडें होतीं. सहा आठवडे एका मांजरास रोज दोन पळ्या दूध घालणें त्यांपैकीं कोणासहि जड नव्हतें. तें कोणाच्या मनांत आलें नाहीं, इतकेंच.